देणगीच्या पत्रातलं अर्धं वाक्य

कोणतंही पत्र हातात आलं की मी आधी त्याचा शेवट वाचते. लग्नपत्रिका असो, सोसायटीची पाण्याची नोटीस असो, नाहीतर भाचीने पाठवलेला लांबलचक मेसेज. शेवटी काय मागितलंय ते कळलं की मग वर जाऊन कोणत्या वाटेने मागितलंय ते बघते. घरचे वैतागतात. नवरा म्हणतो, तुझ्या हातात लाल पेन नसलं तरी डोळ्यांत असतं. काय करणार, नोकरीच तशी होती. सुरतेतल्या एका संस्थेसाठी मी बरीच वर्षं लोकांकडे पैसे मागणारी पत्रं लिहिली. आता निवृत्त झाले, म्हणजे कागदोपत्री झाले. आठवड्यातून दोन-तीनदा उधन्याला जाऊन ऑफिसातल्या पोरांच्या डोक्यावर उभी राहते आणि ती पोरं मला चहा पाजून लवकर कटवायला बघतात.

आमची संस्था हातांची. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत लूम आहेत, एम्ब्रॉयडरीची मशिनं आहेत, कापडाच्या घड्या दाबणारे प्रेस आहेत, आणि या सगळ्यांत माणसांचे हात सापडतात. शस्त्रक्रिया करून द्यायची, मग व्यायाम करून घ्यायचा, उरलेल्या बोटांना शर्टाचं बटण लावायला, घास उचलायला, पुन्हा काम धरायला शिकवायचं, एवढं आमचं काम. माझे वडील अमळनेरकडून इथे लूमवर आले. मला शाळा गुजराती मिळाली. घरात अहिराणी, वर्गात गुजराती, बाजारात हिंदी, अशी मी वाढले आणि संस्थेला नेमकी अशीच बाई हवी होती. कामगाराचं एका भाषेत ऐकून घ्यायचं आणि शेठला दुसऱ्या भाषेत सांगायचं.

देणगीचं पत्र म्हणजे रडगाणं, असं बाहेरच्यांना वाटतं. मलाही वाटायचं. माझ्या पहिल्या पत्रात ‘अश्रू’ इतक्या वेळा आले की कापड बाजारातल्या एका मारवाडी व्यापाऱ्याने फोन करून सांगितलं, “बहनजी, रोना बंद कीजिए, काम बोलिए.” मी फोन ठेवून स्वतःच रडले. पण माणूस शंभर टक्के बरोबर होता. आधीच रडलेलं पत्र वाचणाऱ्याला रडायला जागाच ठेवत नाही.

दुसरी खोड होती मोठमोठ्या आकड्यांची. हजारो कामगार, हजारो हात. हजारो म्हटलं की माणूस मान हलवतो आणि पान उलटतो. एकाचं सांगितलं तर तो थांबतो, विचारतो, मग त्याचं पुढे काय झालं? बारडोलीच्या एक बाई होत्या, उसाची शेती, मुलं परदेशात. त्यांनी माझं एक पत्र परत पाठवलं आणि मागे लिहिलं, मला रडवलंत ते ठीक, पण त्या माणसाला आता पेला धरता येतो की नाही ते कळवलं नाहीत. तेव्हापासून मागण्याच्या पत्राइतकीच मेहनत मी आभाराच्या पत्रावर घ्यायला लागले. पैसे मिळाल्यावर गप्प बसणारी संस्था दुसऱ्यांदा दारात गेली की लोक कडी काढत नाहीत.

मग पाकीट. पाकिटावर पत्त्याची छापील चिठ्ठी चिकटवलेली असली की ते दुकानातल्या मेहताजीकडे, म्हणजे हिशेबनिसाकडे जातं आणि तिथेच मरतं. हाताने पत्ता लिहिलेलं पाकीट घरी पोचतं. तिथे दुपारी जेवणं आटोपल्यावर शेठाणी ते उघडते. शेठ सही करतो, ठरवते ती. म्हणून मी पत्र कायम तिला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं, नाव मात्र शेठचं घातलं. वेळही बघावी लागते. दिवाळीत सुरत रिकामी असते, हिरेवाले सौराष्ट्रात गावी गेलेले असतात. लाभपाचमला दुकानं उघडतात, नव्या वह्यांची पूजा होते आणि पहिला खर्च चांगल्या कामाचा व्हावा असं मनात असतं. पत्र त्या दिवशी टेबलावर हवं.

गिऱ्हाइकंही एकेक भेटली. कतारगामच्या एका शेठना आमच्या कृत्रिम हातांसाठी देणगी द्यायची होती, पण अट अशी की प्रत्येक हातावर त्यांच्या वडिलांचं नाव कोरायचं. इथे पंख्याच्या पात्यांवर, बाकांवर, पाण्याच्या कूलरवर, सगळीकडे नावं असतात, तर हातावर का नको, हे त्यांचं म्हणणं. मी त्यांना विचारलं, शेठ, हा हात घालून कामगार जेवेल, आंघोळ करेल, कधी बायकोशी भांडेल, तेव्हा वडिलांचं नाव सोबत चालेल का? त्यांनी बराच विचार केला आणि हाताच्या खोक्यावर नाव घालायला तयार झाले. या असल्या किश्श्यांवर मी अख्खी संध्याकाळ काढू शकते. पण हल्ली बसवत नाही, कारण किस्से सांगता सांगता मी सागरच्या पत्रापाशी येते आणि मग उठून फेऱ्या मारायला लागते.

सागर दुसरी-तिसरीत असताना आमच्याकडे आला. वडील रोहिदासभाऊ लूमवर, मूळचे शिरपूरकडचे. शाळा सुटली की पोरगा वडिलांचा डबा घेऊन कारखान्यात जायचा. एके दिवशी उजवा हात लूमच्या पट्ट्यात गेला आणि दोन बोटं तिथेच राहिली. मी दवाखान्यात पोचले तेव्हा रोहिदासभाऊ भिंतीला टेकून उभे होते, केसांत अजून कापसाचे तंतू होते. मी नेहमीप्रमाणे विचारलं, भाऊ, काय झालं? माझ्याकडे न बघता ते बोलले:

“देवनी त्याले लई जावाले पाहिजे व्हतं. आते त्यान्या तोंडकडे मी कसा देखू? मीच हाक मारी व्हती त्याले.”

देवाने त्याला न्यायला हवं होतं, आता त्याच्या तोंडाकडे मी कसा बघू, मीच हाक मारली होती त्याला. झालं होतं असं की पोरगा डबा ठेवून दारात खेळत होता. भाऊंचे हात धाग्यात गुंतलेले, तेव्हा त्यांनीच त्याला बोलावलं, बाण्याच्या, म्हणजे आडव्या सुताची एक कांडी आणून दे म्हणून. ती देताना पोराचा हात पट्ट्यात ओढला गेला. हे त्यांनी मला सांगितलं आणि पुन्हा कुणाला सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही.

पत्र लिहायला मी टेबलाशी बसले आणि भाऊंच्या बोलण्यातलं पहिलं वाक्य ठेवलं. मधलं काढलं, शेवटचं तर काढलंच. याचं कारण धंद्यातलं आहे आणि ते मी आजही नाकारणार नाही. ज्याची स्वतःची चूक आहे त्याला लोक मदत करत नाहीत. मशीन बंद न करता हात घातला, घाईत झाकण लावलं नाही, असं नुसतं पुसटसं जरी पत्रात आलं तरी देणगीची पाकिटं परत येत नाहीत, हे मी बघितलं होतं. देणगीदाराला निर्दोष माणूस लागतो. बापानेच बोलावलं म्हटलं असतं तर शेठाणी म्हणाली असती, मग आता आम्ही काय करणार, आणि पत्र पुन्हा पाकिटात गेलं असतं. त्या पोराची पुढची शस्त्रक्रिया अडली होती. मी खोटं काहीच लिहीत नव्हते, फक्त गाळत होते. मी कधी खोटं वाक्य लिहिलं नाही, याचा मला भारी अभिमान होता. ऑफिसात नवीन कोणी आलं की मी तो पहिल्याच दिवशी ऐकवायचे.

तर पत्र असं गेलं. पोराचं नाव बदलून किशन केलं. चेहरा दाखवला नाही, जखम भरत आल्यावर पेन्सिल धरू बघणाऱ्या उजव्या हाताचा फोटो घातला. आणि मध्यावर लिहिलं, किशनचे वडील म्हणाले, देवाने त्याला नेलं असतं तर बरं झालं असतं. त्याखाली नवा परिच्छेद: तुम्ही ठरवलंत तर ते पुन्हा असं म्हणणार नाहीत.

असं पत्र हातून एकदाच उतरतं. सागरची शस्त्रक्रिया झाली, वर्षभराचे व्यायाम झाले, त्याच पत्रावर आमची व्यायामाची खोली उभी राहिली, संध्याकाळचा वर्ग सुरू झाला. लूमवाल्याची दिवसपाळी सुटल्यावर त्याला यायला जमेल अशी ती वेळ. आणि मग आमच्या धंद्यातला जो नियम आहे तो लागू झाला, चालतं पत्र बदलायचं नाही. आमचे विश्वस्त हसमुखभाई सज्जन माणूस, पण या बाबतीत अगदी पक्के व्यापारी. जो माल खपतोय त्याचं डिझाइन कशाला बदलता, बेन, म्हणायचे. दर लाभपाचमला किशन पुन्हा दुसरी-तिसरीतला व्हायचा आणि त्याचे वडील पुन्हा तेच म्हणायचे. मलाही त्यात काही खटकलं नाही. रोहिदासभाऊंना गुजराती वाचता येत नव्हतं. मग नवीन पोरांनी ते पत्र व्हॉट्सॲपवर सोडलं आणि ते आमच्या हातातून गेलं.

इकडे सागर मोठा होत होता. मराठी घरातला, पण शाळा गुजराती, मित्र गुजराती. तीन बोटांनी तो कॉम्प्युटर असा शिकला की कतारगामला हिऱ्यांच्या एका ऑफिसात लागला. रस्त्यात भेटला की ताई ताई करत थांबायचा.

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता एका दुपारी तो ऑफिसात आला. बसला नाही. त्याने फोन माझ्यापुढे धरला. त्याच्या ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी ते पत्र टाकलं होतं, खाली हात जोडल्याच्या खुणा. माझ्याशी कायम मराठीत बोलणारा पोरगा गुजरातीत म्हणाला, “ताई, आ मारो हाथ छे ने?”

हो, म्हटलं, तुझाच हात. मग त्याने बोट त्या वाक्यावर ठेवलं.

“बाबा असं बोलले होते का? हो किंवा नाही, एवढंच सांगा.”

पत्र वाचल्यापासून तो घरी गेला नव्हता. कतारगामला मित्राच्या खोलीवर झोपत होता, आईचे फोन घेत होता आणि कामाचं निमित्त सांगत होता. वडिलांचा फोन घेत नव्हता. मित्राच्या खोलीत एक जागा रिकामी होत होती, ती आपण घेणार, असं त्याने मला शांतपणे सांगितलं. म्हणजे तो घरी परत जाणार की नाही, हे माझ्या तोंडून काय निघतं त्यावर होतं. नाही म्हटलं तर मी खोटी. हो म्हटलं तर बाप गेला. आणि पूर्ण सांगायचं तर बापाने ज्या गोष्टीसाठी इतकी वर्षं जीभ आवळून धरली, तीच मी सांगायची. मी म्हटलं, उद्या सांगते. तो म्हणाला, हो किंवा नाही सांगायला उद्या कशाला लागतो, ताई? आणि जिना उतरून गेला.

मी तशीच उठले आणि रोहिदासभाऊंना गाठलं. लूमवरचं काम सुटल्यावर ते एका कापडाच्या गोदामावर राखणदार होते, दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचे. मी सगळं सांगितलं. आपलं बोलणं पत्रात छापलं गेलं होतं हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. माझ्यावर ओरडतील म्हणून मी तयार होते. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते गोदामाच्या कुलपाकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, “तुम्हीच लिखेल शे ना, ताई? मंग तुम्हीच बनाडेल शे आसं सांगा त्याले. हाकनं सांगू नका. ते त्याले माहीत नही.”

म्हणजे मी सांगायचं की वाक्य माझ्या मनचं होतं. मला राग आला, खरं सांगते. त्यांचा नाही, या सगळ्याचा. जन्मात एक गोष्ट सांभाळली होती, ती यांनी दोन वाक्यांत मागून घेतली, आणि नाही म्हणायला मला तोंड नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी कतारगामला गेले. ऑफिसखालच्या चहाच्या टपरीवर सागर खाली आला. वाटेत मी बरंच जुळवून ठेवलं होतं, कुठून सुरुवात करायची, कारण काय द्यायचं. त्यातलं काहीच लागलं नाही. मी म्हटलं, ते वाक्य मी बनवलं होतं, तुझे वडील तसं बोलले नव्हते. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि खांदे खाली सोडले. मला वाटलंच होतं, म्हणाला. बाबा असं बोलूच शकत नाहीत. पुढे एक प्रश्न नाही, एक शंका नाही. एवढी वर्षं मी खरं लिहीत आले आणि लोक मला पावती दाखवा, फोटो दाखवा, डॉक्टरांची चिठ्ठी दाखवा म्हणत आले. इतक्या पटकन माझं कोणीच मानलं नव्हतं. तेव्हा उमगलं की ज्याला मानायचंच असतं त्याला मनवायला आमची कारागिरी लागत नाही.

“तुम्ही फार वाईट काम केलंत, ताई,” तो म्हणाला. मी हो म्हटलं. त्याने चहाचे पैसे दिले, मला देऊ दिले नाहीत, आणि त्या संध्याकाळी घरी गेला.

मी ऑफिसात सांगून ते पत्र बंद करवलं. हसमुखभाई हळहळले. बंद तरी काय होणार होतं, इतक्या फोनांत पोचलेलं पत्र कुणाच्या सांगण्याने परत येतं? पण आमच्याकडून जाणं थांबलं. आपलं कर्तव्य झालं, असं स्वतःला समजावून मी घरातली कपाटं आवरायला घेतली. एकच कपाट दोनदा आवरलं.

नवरात्र उलटलं आणि रोहिदासभाऊ माझ्या घरी आले. चपला दाराबाहेर काढून आत आले, पाणी घेतलं. मग हळूहळू निघालं. सागर घरी आला तो वडिलांच्या पायाच पडला. तुमच्यावर संशय घेतला म्हणून रडला. तेव्हापासून त्यांच्यासाठी काय करू आणि काय नको असं त्याला झालंय. नवा फोन आणला. राखणदारी सोडा म्हणतो. जेवताना आपल्या ताटातलं त्यांना वाढतो, आणि वाढताना तो तीन बोटांचा हात त्यांच्या डोळ्यांसमोर येतो. भाऊंचा घास उतरत नव्हता. पोरगा तुटला होता तेव्हा दुःख होतं, म्हणाले, पण ते मला सोसत होतं, ते माझं होतं. हे सोसत नाही.

“तुमना शब्द भारी ऱ्हातस, ताई. माले लिखी द्या. मी त्याले दिसू.”

मुलाला देण्यासाठी त्यांना माझ्याकडून पत्र हवं होतं. हाक मारल्याचं सगळं त्यात लिहायचं, पण असं की त्याला पटेल, की तो माफ करेल. आणि सांगायला लाज वाटते, माझं डोकं लगेच चालू झालं. सुरुवात पोराच्या लहानपणापासून करावी, हाकेचं मध्ये आणावं, शेवटी काहीतरी असं यावं की वाचणाऱ्याला नाही म्हणता येऊ नये. दोन वाक्यं तर तयार झाली होती. चांगली होती. मग मी समोर बघितलं, भाऊ हात गुडघ्यांवर ठेवून वाट बघत होते, आणि मला स्वतःचाच भयंकर कंटाळा आला.

मी लिहिणार नाही म्हटलं. पत्र अनोळखी माणसाला लिहितात, भाऊ. तुम्ही घरी जा आणि त्याच्याशी बोला. काय बोलू, त्यांनी विचारलं. दवाखान्यात मला जे बोललात ते, म्हटलं, तेवढंच, आणि तितकंच. ते उठले. मी त्यांना रिकाम्या हाताने पाठवलं, असं मला वाटत राहिलं. त्यांनी आयुष्यात माझ्याकडे ती एकच गोष्ट मागितली होती.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते विचारू नका. मी ऑफिसात जाऊन दुसऱ्यांची पत्रं उगाच खोडत बसायचे. फोन वाजला की उचलायची भीती, नाही वाजला तर जास्त भीती. सागर पुन्हा मित्राच्या खोलीवर गेला असेल, भाऊ बोललेच नसतील, बोलले असतील आणि अर्धवट राहिलं असेल. एकदा तर मी त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आले. नवरा म्हणाला, तू नोकरीत असताना बरी होतीस.

दिवाळीच्या थोडं आधी सागर ऑफिसात आला, आणि या वेळी बसला.

“बाबांनी सांगितलं,” तो म्हणाला. “सगळं. तुम्ही माझ्याशी खोटं बोललात तेही.”

मी समोरची पत्रं बाजूला सरकवली.

“हाक मारली होती ते मला आठवतंय, ताई. पहिल्यापासून आठवतंय. सागऱ्या, कांडी दे, असं म्हणाले होते. मी कधी काढलं नाही. त्यांना वाटायचं मी विसरलो. म्हटलं, वाटू दे, बरं वाटतं ना त्यांना.”

मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. तो लहानपणापासून ज्या गोष्टीवर पांघरूण घालत होता तीच गोष्ट बाप त्याच्यापासून लपवत होता, आणि त्या दोघांच्या मध्ये उभी राहून मी, फार मोठी जाणकार, काय गाळायचं आणि काय ठेवायचं ते ठरवत होते. मी विचारलं, मग तुला एवढं कशाने लागलं? तो म्हणाला, हाकेने नाही लागलं. मी गेलो असतो तर बरं, एवढंच तुमच्या पत्रात होतं. का म्हणाले, ते नव्हतं. ते असतं तर मी त्याच दिवशी घरी गेलो असतो.

मग तो कामाचं बोलला. लाभपाचमचं पत्र यंदा जाणार का? जाणार, म्हटलं, पण तुझं नाही, दुसऱ्या कुणाचं तरी. तो म्हणाला, माझंच पाठवा, पण पूर्ण. बाबांनी सांगितलंय. ते अर्धं अजून फोनांत फिरतंय, ते काही थांबत नाही. मग निदान उरलेलं त्याच्या मागून जाऊ दे. मी त्याला धंद्यातली गोष्ट सांगितली, जशी सगळ्यांना सांगत आले तशी. ज्याची चूक आहे त्याला लोक देत नाहीत. मला तुझ्या वडिलांचा मान कमी करायचा नाही, पण संध्याकाळचा वर्ग या पत्रावर चालतो.

“नसतील देत तर नको देऊ देत,” तो म्हणाला. आणि जाताना म्हणाला की नाव किशन नको, सागर लिहा.

मी लिहिलं. फोटो घातला नाही. गेली काही वर्षं एका बापाचं अर्धंच बोलणं तुम्हाला पाठवलं, उरलेलं असं होतं, इथून सुरुवात केली. भाऊंची तिन्ही वाक्यं अहिराणीतच ठेवली, गुजराती लिपीत, खाली अर्थ दिला. हात कसा गेला ते सांगितलं. बापाने हाक मारली होती ते सांगितलं. मुलाला ते कायम आठवत होतं ते सांगितलं. कारखान्यांत रोज कुणीतरी कुणाला तरी हाक मारत असतं, त्यांच्यासाठी आमची खोली आहे, एवढं लिहून पैसे मागितले. हसमुखभाईंनी ते वाचलं, चष्मा काढला, पुन्हा वाचलं आणि माझ्यावर भरवसा ठेवून जाऊ दिलं. पाकिटांवरचे पत्ते मीच हाताने लिहिले.

उत्तरं कमी आली, बरीच कमी. वर्षानुवर्षं देणाऱ्या एका बाईंनी फोन करून सांगितलं की पूर्वीचं पत्र मनाला भिडायचं, हे वाचून जेवण गेलं नाही. एका शेठने विचारलं, त्या बापावर केस झाली की नाही? संध्याकाळचा वर्ग आठवड्यातून दोनच दिवसांवर आणावा लागला. उरलेल्या संध्याकाळी जे हात दारापर्यंत येऊन परत जात असतील ते माझ्या डोक्यातून जात नाहीत. रात्री कूस बदलताना मी जुन्या पत्रातलं ते वाक्य आणि त्याखालचा परिच्छेद मनात म्हणून बघते, आणि अजूनही वाटतं, काय जमलं होतं.

मार्च संपताना हसमुखभाईंनी मला बोलावून घेतलं. पत्राची प्रत टेबलावर माझ्या दिशेने फिरवून ठेवलेली होती. रागावलेले नव्हते, खरोखर विचारत होते. बेन, तुम्ही एवढ्या अनुभवी, तुम्हीच बघून सांगा, यात चुकलं कुठे?

मी ते हातात घेतलं. लाल पेन त्यांनी शेजारी काढून ठेवलं होतं. वाचलं, आणि पेन तिथेच राहू दिलं.

“कुठेच नाही,” मी म्हटलं. “पत्र पूर्ण आहे.”